कीकॅडचा राउटर जोडी सांभाळतो, खालचं ग्राउंड आपण सांभाळायचं

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी यंत्रं बनतात. बहुतेक माल तासगाव आणि कवठेमहांकाळकडे जातो. बोर्डवर मायक्रोकंट्रोलर, यूएसबीवर बसलेला ४जी मोडेम आणि एक इथरनेट पोर्ट. म्हणजे ४८० मेगाबिट वेगाची एक डिफरन्शियल जोडी (एकमेकांच्या उलट सिग्नल वाहणारे तांब्याचे दोन ट्रॅक) आणि १०० मेगाबिट इथरनेटच्या दोन. पीसीबीचं, म्हणजे छापील सर्किट बोर्डचं, सगळं लेआउट मी कीकॅड या सॉफ्टवेअरवर करते. फुकटचं सॉफ्टवेअर असल्या बोर्डांना चालतं का, असं डिप्लोमा करून नुकतीच कामाला लागलेली मुलं मला नेहमी विचारतात. चालतं, आणि उत्तम चालतं. फक्त ते कुठवर साथ देतं ते आधी माहीत असायला हवं.

कीकॅड १९९२ साली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केलं. पुढे २०१३ पासून जिनिव्हाच्या सर्न या संशोधन संस्थेनं त्यात माणसं आणि पैसा घातला, आणि आज आपण वापरतो तो इतर ट्रॅक ढकलत जाणारा राउटर (ट्रॅक ओढायचं साधन) तिथूनच आला. लायसन्सची फी नाही, लेअरच्या संख्येवर किंवा बोर्डच्या आकारावर लायसन्सचं बंधन नाही, इंटरनेट लागत नाही. कुपवाडमध्ये दुपारी इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही, याचं मोल इथं युनिट चालवणाऱ्यालाच कळेल.

आधी जोडीचं राउटिंग. स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, दोन्ही नेटची (नेट म्हणजे एका सिग्नलची जोडणी) नावं सारखी ठेवून शेवटी पी आणि एन, किंवा अधिक आणि उणे चिन्ह द्यायचं, की कीकॅड त्यांना जोडी म्हणून ओळखतं. यूएसबीच्या डेटाशीटमध्ये बहुतेक वेळा डीपी आणि डीएम लिहिलेलं असतं. ती नावं जशीच्या तशी उचलली तर जोडी ओळखली जात नाही, नवशिके हमखास इथंच अडतात. नेट क्लासमध्ये ट्रॅकची रुंदी आणि दोघांमधलं अंतर भरलं, ६ ची कळ दाबली, की दोन्ही ट्रॅक बरोबर धावतात. वाटेत दुसरा ट्रॅक आला तर राउटर त्याला बाजूला सारतो, अंतर मात्र सोडत नाही. लेअर बदलला की दोन्ही व्हाया (लेअर जोडणारी तांब्याची भोकं) जोडीनंच पडतात. हे काम करताना मला आजही मनापासून आनंद होतो, इतकं ते नीट बसवलेलं आहे.

लांबी जुळवण्याची सोयही चांगली. आठव्या आवृत्तीपासून नागमोडी वळणं नंतर पकडून बदलता येतात, आधी ती पुसून पुन्हा काढावी लागायची. पण या सोयीचा मोह आवरा. एफआर-४ या नेहमीच्या फायबरग्लासच्या बोर्डवर १ मिलिमीटर ट्रॅक पार करायला सिग्नलला साधारण ६ ते ७ पिकोसेकंद लागतात. यूएसबीच्या ४८० मेगाबिट वेगाला एका बिटचा वेळ जवळजवळ २०८३ पिकोसेकंद असतो. म्हणजे जोडीत एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक राहिला तर मोडेमला त्याचा पत्ताही लागत नाही. तरी लोक तेवढ्यासाठी वळणांवर वळणं घालतात, आणि त्या वळणांच्या खाली ग्राउंड (परतीच्या करंटसाठी पसरलेला तांब्याचा थर, म्हणजेच ग्राउंड प्लेन) फाटलेलं असतं.

खरा विषय हाच आहे.

माझ्याकडे काम शिकणारी मुलगी मिरजेहून येते. तिनं एकदा विचारलं, "ताई, एका तारेनं करंट गेला आणि दुसरीनं परत आला. मग जोडीला खाली ग्राउंड कशाला लागतं?" प्रश्न रास्त आहे, कारण बिनशील्डच्या ट्विस्टेड पेअर केबलमध्ये तसंच होतं. बोर्डवर तसं होत नाही. चार लेअरच्या बोर्डमध्ये वरच्या ट्रॅकपासून खालचं ग्राउंड प्लेन साधारण ०.२ मिलिमीटरवर असतं. शेजारचा ट्रॅकही तेवढ्याच अंतरावर असतो, पण तो बारीक पट्टी आणि प्लेन म्हणजे पसरलेलं तांबं. म्हणून प्रत्येक ट्रॅकची मोठी जवळीक प्लेनशीच जुळते आणि परतीचा बराचसा करंट त्या ट्रॅकच्या बरोबर खालून वाहतो. कमी फ्रीक्वेन्सीला करंट कमी रेझिस्टन्सची वाट धरतो, जास्त फ्रीक्वेन्सीला कमी इंडक्टन्सची. कमी इंडक्टन्सची वाट म्हणजे ट्रॅकच्या पोटाखालची.

आता त्या पोटाखालीच प्लेनमध्ये चीर असेल तर? सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल बंद असला की सांगलीवाडी समोर दिसत असूनही बायपासच्या पुलानं वळसा मारावा लागतो, तसा करंट चिरेच्या टोकापर्यंत जाऊन फिरून येतो. तेवढा मोठा लूप तयार होतो, इम्पीडन्स (वेगवान सिग्नलला होणारा अडथळा) तिथं उसळतो आणि बोर्ड बाहेर गोंगाट फेकायला लागतो.

कीकॅडचा डीआरसी, म्हणजे डिझाइनचे नियम तपासणारा भाग, या चिरेबद्दल अवाक्षर काढत नाही. अंतरं बरोबर, नेट पूर्ण जोडलेले, शून्य चुका असा निकाल येतो. दोन्ही बाजूंचं तांबं कुठून तरी एकमेकांना जोडलेलं आहे ना, तेवढंच तो बघतो. परतीचा करंट कुठून जाईल हा प्रश्न त्याला पडत नाही. बाहेरच्या एका पार्टीचा दोन लेअरचा बोर्ड आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. रिले चालू-बंद झाला की मोडेमचा संपर्क तुटायचा. खालच्या ग्राउंडमधून रिलेचा ट्रॅक आडवा नेला होता आणि यूएसबीची जोडी बरोबर त्याच्यावरून गेली होती. आम्ही दोन्ही बाजूंचा सोल्डर मास्क (तांब्यावरचा रंगाचा थर) खरवडला, मधल्या ट्रॅकवर इन्सुलेशन टाकलं आणि जोडीच्या खाली तांब्याची रुंद पट्टी झाळली. मोडेम टिकला. बोर्डचं डिझाइन मात्र नव्यानंच करावं लागलं.

हे टाळायला कीकॅडमध्येच एक चांगलं हत्यार आहे, त्याचा फारसा बोलबाला नाही. बोर्ड सेटअपमध्ये आपले नियम लिहिता येतात. दुसऱ्या, म्हणजे ग्राउंडच्या, लेअरवर ट्रॅक टाकायलाच मनाई, असा दोन ओळींचा नियम मी प्रत्येक चार लेअरच्या बोर्डमध्ये पहिल्या दिवशी लिहून ठेवते. मग घाईत कुणी ग्राउंड लेअरमधून पॉवरचा ट्रॅक ओढला तर डीआरसी लगेच ओरडतो.

ट्रॅकशिवायही चीर पडते, आणि ती जास्त फसवी. साधा २.५४ मिलिमीटर पिचचा हेडर (पिनांची रांग, पिच म्हणजे दोन पिनांमधलं अंतर) घ्या. पॅड १.७ मिलिमीटरचा, आणि नवीन झोनचा (तांबं भरलेल्या भागाचा) क्लिअरन्स, म्हणजे सोडायची मोकळी जागा, न बदलता ठेवला तर ०.५ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक पिनभोवती २.७ मिलिमीटरचं भोक. पिच २.५४, भोक २.७, मग भोकं एकमेकांत मिसळतात आणि अख्ख्या हेडरखाली प्लेनमध्ये लांबलचक खाच पडते. झोनचा क्लिअरन्स ०.२ वर आणला की मधे तांबं शिल्लक राहतं. व्हायाचंही असंच: ०.६ मिलिमीटरची व्हाया आणि ०.२ चा क्लिअरन्स म्हणजे १ मिलिमीटरचं भोक, तेव्हा ओळीनं व्हाया टाकताना १ मिलिमीटरपेक्षा बरंच जास्त अंतर सोडा. हे तपासायला माझी पद्धत सोपी आहे. झोन भरून घ्यायचे, जोडीची नेट हायलाइट करायची, फक्त ग्राउंडचा लेअर चालू ठेवायचा आणि जोडीच्या वाटेवरून डोळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा. वेळ फार लागत नाही.

आणखी एक उणीव. जोडी वरच्या लेअरवरून खालच्या लेअरवर नेली की परतीच्या करंटलाही एका प्लेनवरून दुसऱ्यावर जायला वाट लागते. त्यासाठी जोडीच्या व्हायांशेजारी ग्राउंडच्या व्हाया हव्यात. राउटर त्या स्वतः टाकत नाही, हातानं टाकाव्या लागतात. पुढच्या एखाद्या आवृत्तीत ही सोय आली तर मला फार बरं वाटेल.

कीकॅडबरोबर येणारा कॅल्क्युलेटर अंदाजाला चांगला आहे. ५० ओहमसाठी ०.२ मिलिमीटर उंचीवर ट्रॅक अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसतो, आणि दोन लेअरच्या १.६ मिलिमीटर बोर्डवर तोच सुमारे ३ मिलिमीटर रुंद लागतो, हे त्यात आकडे टाकून बघितलं की चार लेअरचा खर्च का करायचा ते लगेच पटतं. यूएसबीला ९० ओहम, इथरनेटला १०० ओहम, हे मात्र सोल्डर मास्क धरून ठरवायचे असतात आणि कॅल्क्युलेटर मास्क धरत नाही. म्हणून बोर्ड बनवणाऱ्याकडून स्टॅकअप (थरांची रचना आणि जाडी) आधी मागवून घ्या, त्याचे आकडे बोर्ड सेटअपमध्ये भरा आणि मगच पहिला ट्रॅक ओढा.

डीडीआर-४ मेमरी किंवा वेगवान पीसीआय एक्स्प्रेस करायचं असेल तर नुसत्या कीकॅडवर विसंबू नका. क्रॉसटॉक (शेजारच्या ट्रॅकमधून घुसणारा सिग्नल) किंवा डोळ्याची आकृती, म्हणजे सिग्नलची शुद्धता दाखवणारा आय डायग्राम, काढून देणारं सिम्युलेशन त्यात नाही, ते दुसऱ्या साधनातून करून घ्यावं लागेल. यूएसबी, इथरनेट, कॅन, मोडेम, छोटे डिस्प्ले, म्हणजे कुपवाड-मिरज पट्ट्यातल्या युनिटांना जे लागतं त्यातलं बहुतेक सगळं, ते कीकॅडमध्ये निश्चिंतपणे करता येतं. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी नवी आवृत्तीच घ्यावी. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही, त्यामुळे युनिटमधल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच आवृत्ती ठेवा.