‘डबल जीन’चा मेंढा घेताय? आधी हे वाचा

पैदाशीचा मेंढा विकणारा जर म्हणाला, "याला कळपात सोडा, पाच महिन्यांत तुमच्या सगळ्या मेंढ्या जुळी देतील," तर तिथूनच माघारी फिरा. रिपोर्ट बघत बसू नका, मेंढ्याची पाठही दाबून बघू नका. मेंढा अगदी अस्सल असला तरी हे बोलणं खोटंच असतं. या बोलण्यापायी आमचे 85,000 रुपये गेले.

माझा मावसभाऊ उमरेड रोडकडच्या एका गावात मेंढ्या राखतो. मी नागपुरात नोकरीला. भांडवलात थोडा वाटा माझा, राबणं सगळं त्याचं. कळप साधा, दख्खनी मिसळीचा, वेताला एकच कोकरू देणारा. त्याला मोबाइलवर एक रील दिसलं: एक मेंढी, मागे तीन कोकरं आणि वर ठळक अक्षरांत ‘डबल जीन’. फोन केला तर पलीकडचा माणूस इतका अदबीनं बोलणारा की सोयरिकीलाच आल्यासारखा. वर्धा रोडला एका भाड्याच्या शेडमध्ये मेंढा दाखवला. उंचापुरा, बाकदार नाक, लोंबते कान. माडग्याळी रक्त असावं. "भाऊ, फलटणच्या लाइनचा आहे हा. ह्याले एक डाव कळपात सोडा, मंग पाहा. एकबी मेंढी एकटं कोकरू देनार नाही." सोबत लॅमिनेट केलेला डीएनए रिपोर्ट, इंग्रजीत, खाली गोल शिक्का. किंमत साध्या चांगल्या मेंढ्याच्या चौपट. पैसे यूपीआयने घेतले, पण खातं तिसऱ्याच माणसाच्या नावाचं. पावती म्हणून वहीच्या पानावर चार ओळी.

फलटणचं नाव घेणं ही त्याची खरी हुशारी, कारण फलटणचं काम खरं आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबन भागातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरवला आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. गरोळ अंगाने अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. बंगालच्या मेंढ्या 1790 च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिकडच्या ‘बूरूला’ नावाच्या मेरिनो (लोकरीच्या) मेंढ्यांमध्ये जो जुळ्यांचा गुण पुढे गाजला, तो मूळचा त्यांचाच असं मानतात. ते जनुक म्हणजे फेक-बी. 2001 साली ते नेमकं सापडलं: मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर, एका प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं. एवढ्याशा फरकाने मेंढीच्या एका माजात एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात.

आता नीट लक्ष द्या, फसवणुकीची सगळी मेख इथे आहे. बीजं सुटतात मेंढीच्या अंडाशयातून. मेंढ्याला अंडाशय नाही. त्याच्या अंगात हे जनुक दुहेरी असलं तरी तुमच्या आजच्या मेंढीला या खेपेला किती बीजं सुटतील, यात त्याचा काडीचा हात नाही. तिच्या पोटी एक की दोन, हे तिचं स्वतःचं रक्त, तिचं वय आणि माजाआधी मिळालेला खुराक यावर ठरतं. मेंढा फक्त ते जनुक पुढच्या पिढीला देतो. मुलग्यांनाही देतो, पण गुण दिसतो तो मुलींमध्ये, आणि त्याही विऊ लागल्यावर.

हिशेब करा. मेंढीचा गाभण काळ पाच महिन्यांचा. जन्मलेली मादी वर्ष-दीड वर्षाने मेंढ्याला दाखवायची, पुन्हा पाच महिने थांबायचं. म्हणजे आज आणलेल्या मेंढ्याचा खरा निकाल हाती यायला साधारण दोन वर्षं लागतात. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. पण "दोन वर्षांनी बघा" म्हटलं तर चौपट पैसे कोण देणार? म्हणून तो गुण आजच्या मेंढ्यांवर चिकटवतो आणि नेमका तिथेच सापडतो. खरं सांगणारा पैदासकार म्हणेल, "याच्या पोरी ठेवा, विकू नका."

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेकवेल नावाच्या शेतकऱ्याने मेंढ्यांच्या निवडपैदाशीत मोठं नाव कमावलं. तो आपले मेंढे विकण्यापेक्षा हंगामापुरते भाड्याने देई. लोकांच्या कळपांत त्यांची पिल्लं कशी निघतात ते बघायचा आणि जो उजवा ठरेल तो परत आपल्याकडे वापरायचा. आम्हीही भाड्याचं विचारलं होतं. आमचा विकणारा हसला, "देवाची मूर्ती भाड्यानं देते का कोनी?"

‘डबल’ या शब्दाला तसा अर्थ आहे. जनुकाच्या दोन प्रती असलेला मेंढा आपल्या प्रत्येक मुलीला एक प्रत देतो. एकच प्रत असेल तर साधारण निम्म्या मुलींना मिळते, उरलेल्या कोऱ्या. शिवाय दोन प्रतींचा मेंढा निघायला आई आणि बाप दोघांकडूनही ती यावी लागते. गरोळ मेंढा साध्या मेंढीवर सोडून पहिल्याच पिढीत ‘डबल’ निघत नाही. आम्ही आमच्या मेंढ्याच्या आईबद्दल विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "आई साधीच, पन बाप कडक." म्हणजे हा मेंढा डबल असणं विकणाऱ्याच्याच तोंडच्या बोलण्यानुसार अशक्य होतं.

जाता जाता त्याने एक सल्लाही दिला: "याच्या पोरी यालेच दाखवा, जीन पक्का होते." हा सल्ला तर मेंढ्याहून महाग. खऱ्या डबल मेंढ्याच्या पोरी त्यालाच दाखवल्या तर निम्मी पिल्लं डबल निघतीलही, पण बाप-लेकीच्या संकरात लपलेले दोषही जोडीने वर येतात. कोकरं अशक्त निघतात, मरतात, आणि नुकसान होतं ते तुमच्या वाड्यात, त्याच्या शेडमध्ये नाही.

पहिली शंका आली ती दातांवरून. रिपोर्टवर लिहिलेलं: नर, वय नऊ महिने, तारीख मागच्याच हिवाळ्यातली. माझी भाची पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत आली तेव्हा तिने मेंढ्याचं तोंड उघडून पाहिलं. सहा पक्के दात! दीड वर्षाच्या आसपास दोन, दोनाच्या आसपास चार, तिनाच्या आसपास सहा असा मेंढीच्या दातांचा ढोबळ क्रम. म्हणजे रिपोर्टच्या वेळी हा गडी दोन वर्षांच्याही पुढे होता. मग कानाकडे लक्ष गेलं. बिल्ल्याचा नंबर रिपोर्टशी जुळत होता, पण त्याच कानाला दुसरं, जुनं, बुजलेलं भोक होतं. रिपोर्ट एका जनावराचा आणि बिल्ला काढून दुसऱ्याला ठोकलेला. रक्ताचा नमुना पाठवून चाचणी करून घेतली. फेक-बीची एकही प्रत नाही.

ते रील मी नंतर आवाज बंद करून पाहिलं. तिसरं कोकरू आचळाला जातं, मेंढी त्याच्या शेपटीचा वास घेते आणि डोक्याने ढकलून देते. मेंढी आपलं पिल्लू वासाने ओळखते. ते तिसरं तिचं नव्हतंच.

एक गोष्ट रागातही सांगायला हवी. मेंढा खरा मिळाला असता तरी नुसत्या चराईवर जगणाऱ्या कळपात जुळी सोपी नसतात. कोकरं वजनाला लहान जन्मतात, आईला दूध कमी पडतं, वर खुराक लागतो. काठेवाडी पशुपालकांसारखी रानोरान फिरती असेल तर तिळी म्हणजे आफतच. विकणाऱ्याच्या तोंडी यातलं अक्षर नव्हतं.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चिठ्ठी, बिल्ल्याचे फोटो, रीलची स्क्रीन रेकॉर्डिंग सगळं जोडलं आहे. त्या माणसाचा नंबर बंद आहे, पण तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाने फिरतोय. उमरेड, हिंगणा, कळमेश्वर भागात कोणी असा मेंढा घेतला असेल तर बिल्ला काढू नका, मेंढा विकूही नका. दोन्ही कानांचे आणि दातांचे फोटो काढा, रिपोर्टवरचा नंबर ताडून पाहा आणि आपल्या ठाण्यात तक्रार द्या.