गोव्याच्या दमट हवेत बेस गिटार: दहा महिने वाजवल्यानंतर

फेब्रुवारीत घेतलेल्या बेसबद्दल आता डिसेंबरात लिहितोय. मधला पावसाळा जाईपर्यंत मुद्दाम थांबलो. आमच्याकडे फेब्रुवारीत सगळीच वाद्यं गोड वाजतात. जुलैत नेक (तारांखालचा लांब दांडा) कुठे गेला, तारांना किती दिवसांत गंज चढला, हे पाहिल्याशिवाय वाद्याबद्दल मत देणं मला पटत नाही.

वाद्य चार तारांचं, जॅझ बेसच्या घाटाचं. हा घाट फेंडरने १९६० साली काढला आणि तेव्हापासून जगभर त्याच्या प्रतिकृती बनतात. माझा त्यातलाच एक, मध्यम किमतीचा. स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच, मेपलचा नेक, रोझवूडचा फिंगरबोर्ड, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन पकडणारे चुंबक, प्रत्येकाला एकच वेटोळं), बॅटरी नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या घाटाच्या कुठल्याही बेसला लागू पडतं.

मी फोंड्याजवळ राहतो. महिन्यातून तीन-चार कार्यक्रम होतात. काही लग्नातल्या बँडबरोबर, पण बहुतेक भावगीतं, नाट्यगीतं आणि अभंग, म्हणजे साथीला तबला, पेटी, कीबोर्ड आणि मी. नवा बेस घेऊन मार्चमध्ये पहिला कार्यक्रम केला, तेव्हा पेटीवरचे काका मध्यंतरात चहा घेता घेता म्हणाले, "खर्ज आयकूं येता रे, पूण सूर कळना." पुढच्या नऊ महिन्यांत मी जे काही केलं ते या एका वाक्यामुळे. आवाज भरपूर होता, छाती हलत होती, पण कोणता स्वर लागलाय ते पेटीवाल्याला कळत नव्हतं. साथीदाराला स्वर कळत नसेल तर बेस असून उपयोग काय?

आधी मला वाटलं पिकअप बदलावे लागतील. किमतीही काढून ठेवल्या होत्या. मडगावला ज्यांच्याकडे मी शिकतो ते सर म्हणाले, पैसे राहू देत, आधी मोजमाप कर. मोजलं तेव्हा कळलं की दुकानातून वाद्य जसं खोक्यातून निघालं तसंच माझ्या हातात आलं होतं. 'सेटअप करून देतो' असं विकताना सांगितलं होतं, पण कुणी पानासुद्धा लावलेला नव्हता.

मोजायला काय लागतं? ट्युनर, मिलिमीटरची बारीक पट्टी आणि फट मोजायचं पातळ पात्यांचं फिलर गेज. हे गेज गिटारच्या दुकानात शोधत बसू नका. दुचाकीच्या गॅरेजात टॅपेट लावायला मेकॅनिक जे वापरतो तेच चालतं. मी शेजारच्या गॅरेजातून तासाभरासाठी आणलं आणि नंतर स्वतःचं घेतलं.

पहिलं काम नेकचं. नेक अगदी सरळ नको असतो, तारेला हलायला जागा मिळावी म्हणून किंचित पुढे वाकलेला हवा. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची, म्हणजे तार स्वतःच सरळपट्टीचं काम करते. मग सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामधली फट मोजायची. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर एक हात मोकळा राहतो. माझी फट ०.६० मिमी निघाली. ती ०.३० च्या आसपास हवी. ट्रस रॉड (नेकचा वाक बदलणारी आतली सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवला, पुन्हा सुरात लावला, रात्रभर ठेवला, सकाळी मोजला आणि मग आणखी थोडा फिरवला. एका बैठकीत पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको आणि जोर तर अजिबात नको. रॉड फिरत नसेल तर तिथेच थांबून जाणत्या माणसाकडे जावं. या एका जागी चूक झाली तर वाद्य जातं, बाकीच्या सगळ्या चुका दुरुस्त होतात.

नेक जागेवर आला की तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड ई तार साडेतीन मिमी वर होती. ती २.४ वर आणली, बारीक जी तार २.० वर. इथे माझा एक आठवडा गेला आणि तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन, कारण सॅडलचे (ब्रिजवर प्रत्येक तार जिथे टेकते त्या तुकड्याचे) स्क्रू. ब्रिजबरोबर चावी आली नव्हती. घरात १.५ मिमीची अ‍ॅलन की होती, ती बसली, पण किंचित सैल. स्क्रू होता १/१६ इंचाचा, म्हणजे जवळपास १.५९ मिमी. एवढ्याशा फरकाने एका स्क्रूचं षटकोनी तोंड गोल झालं. आधी इंचाची की मिलिमीटरची ते तपासा आणि मगच फिरवा.

उंची किती कमी करावी यावर लोक वाद घालतात. मला स्वतःला फार खाली आणलेल्या तारा आवडत नाहीत. तानपुऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून जवारी काढतात, तिथे तारेचं घोडीला हलकं घासणं हाच नादाचा प्राण असतो. बेसवर मात्र तार फ्रेटला घासली की स्वराचं बूड जातं आणि वरची करकर तेवढी उरते. ऐकणाऱ्याला ती करकर स्पीकरमधून येत नाही असं पुष्कळदा सांगतात. ते खरंही आहे, पण स्वर लवकर मरतो तो स्पीकरमधूनही मरतोच. संथ अभंगात एक स्वर दोन मात्रा धरायचा असतो, तिथे हे लगेच उघडं पडतं.

मग इंटोनेशन, म्हणजे नेकवर कुठेही दाबलेला स्वर सुरात येणं, आणि आमच्यासारख्यांना याची गरज रॉकवाल्यांपेक्षा जास्त आहे असं माझं ठाम मत झालंय. कारण साधं आहे. रॉकमध्ये ई आणि ए पट्टीतली गाणी पुष्कळ, म्हणजे मोकळ्या तारा मिळतात. आमचे गायक गातात पेटीच्या काळी एकमध्ये, काळी दोनमध्ये, बायका काळी चार-पाचमध्ये. काळी एकचा सा म्हणजे ए तारेचा चौथा फ्रेट आणि त्याखालचा पंचम म्हणजे ई तारेचा चौथा फ्रेट. पूर्ण गाण्यात एकही मोकळी तार सा म्हणून मिळत नाही, प्रत्येक स्वर दाबूनच काढायचा. तेव्हा दाबलेला स्वर चढा असेल तर पेटीशी रात्रभर भांडण. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्युनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्यायचा, उतरला असेल तर पुढे. माझी ई तार बरीच चढी होती. बारावा जमल्यावर मी तिसरा, चौथा आणि सातवाही तपासतो, कारण माझे हात तिथेच असतात. तिसरा-चौथा चढाच येत राहिला तर नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उंच आहेत असं समजावं. त्या कानशीने उतरवणं घरी करू नये.

हे सगळं याच क्रमाने करायचं: नेक, उंची, इंटोनेशन, शेवटी पिकअप. प्रत्येक पायरी पुढचीचं माप बिघडवते, मागचीचं फारसं बिघडवत नाही. आणि ज्या तारा वाजवायच्या त्याच लावून करायचं.

पिकअप माझे तारांना जवळजवळ चिकटलेले होते. शेवटचा फ्रेट दाबून ई तारेखाली तीन मिमी आणि जी तारेखाली अडीच मिमी अंतर ठेवलं. आवाज थोडा कमी झाला, पण स्वर मोकळा झाला. चुंबक फार जवळ असला की तो तारेला ओढतो आणि लांब धरलेला स्वर हेलकावतो. माझ्या मार्चमधल्या गढूळ आवाजाचं निम्मं कारण हेच होतं.

मग पाऊस आला. गोव्याच्या किनारपट्टीत वर्षाला साधारण ३००० मिमी पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हाताला तारा उंच लागायला लागल्या. मोजलं तर फट ०.३० ची ०.५० झालेली. पाव फेरा. ऑगस्टच्या शेवटी आणखी थोडा. नोव्हेंबरात हवा कोरडी झाल्यावर उलट झालं, पहिल्या तीन फ्रेटवर तारा घासून करकरायला लागल्या आणि तेवढाच रॉड सैल करावा लागला. लाकूड प्रत्येकाचं वेगळं असतं, तुमचा नेक उलट दिशेनेही जाऊ शकेल. म्हणून माप घ्यावं. माझा नेक वर्षातून तीनदा बघावा लागणार हे मी आता धरून चाललोय: जून, ऑगस्ट, नोव्हेंबर.

दमटपणाचे बाकीचे त्रास भराभर सांगतो. सॅडलचे स्क्रू गंजून घट्ट झाले, त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकला की दुसऱ्या दिवशी सुटतात. आवाजाची कळ खरखरायला लागली, तीवर कॉन्टॅक्ट क्लीनर. बेस भिंतीवर टांगून ठेवत होतो, पण आमच्या भिंतींना पावसात ओल येते, तेव्हा सरळ कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून कपाटात ठेवला. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतात, असं करणाऱ्यांना एकच विनंती: स्वयंपाकाचा तवा वापरू नका.

तारांवर मात्र सविस्तर लिहायला हवं. सुरुवातीला निकेलच्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) होत्या, जाडी ४५ ते १०५ (इंचाचे हजारावे भाग). नव्या असताना झळाळी छान, लग्नातल्या बँडमध्ये शोभते. जूनमध्ये घामाने आणि हवेने तीन आठवड्यांत त्या निस्तेज झाल्या. वाजवून झाल्यावर खालूनही पुसल्या तरी दीड महिना. चवथीआधी मी फ्लॅटवाउंड (वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या) घेतल्या, डाडारिओच्या क्रोम्स, ४५ ते १००. राउंडवाउंडपेक्षा बऱ्याच महाग, आणि ताण हाताला जाणवेल इतका जास्त, त्यामुळे नेक आणि इंटोनेशन पुन्हा लावावं लागलं. पण चार महिने झाले, त्याच तारा आहेत आणि आवाज दर महिन्याला सुधारतोच आहे. वरचं गुळगुळीत असल्यामुळे मळ साचायला खाचा नाहीत. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड तुटेपर्यंत बदलत नसे, हे मी आधी ऐकून सोडून दिलं होतं. आता त्यामागचं कारण बोटांना कळतंय.

मुख्य म्हणजे तबल्याबरोबर या तारा बसतात. डग्ग्याची घुमक आणि बेसचा खर्ज एकाच मजल्यावर राहतात. मोकळी ई तार म्हणजे ४१.२ हर्ट्झ. तो मूळ स्वर लहान स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही, कान तो ८२ आणि १२४ हर्ट्झच्या वरच्या स्वरांवरून ओळखतो. मी मार्चमध्ये अ‍ॅम्पचा बास पूर्ण वर आणि मधल्या स्वरांचा पट्टा खाली ठेवला होता. खोलीत एकट्याने वाजवताना हे फार भारी वाटतं. मंचावर खालचा भाग डग्गा खाऊन टाकतो आणि स्वर ओळखायला जे मधलं लागतं ते मीच काढून टाकलेलं असतं. काकांची तक्रार नेमकी हीच होती. आता मी खालचं सपाट ठेवतो, ७०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवतो, आणि सम सोडून जिथे डग्ग्याचं काम चालू असतं तिथे स्वर आखूड ठेवतो. साउंडवाल्या दादांना साउंडचेकच्या वेळीच सांगतो की बेसचा मधला पट्टा कापू नका. आधी सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात.

गुणगुण हा या घाटाचा जुना आजार. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की ते एकमेकांची गुणगुण मारतात, कारण दोघांचं वेटोळं आणि चुंबक उलटसुलट असतात. पण त्याच वेळी मधला पट्टाही थोडा पोकळ होतो. ब्रिजकडचा पिकअप जराच उतरवला की मधला परत येतो आणि गुणगुणही जराशी येते. देवळाच्या मंडपात, जिथे रोषणाईच्या माळा आणि जनरेटर असतो, तिथे मी दोन्ही पूर्ण ठेवतो. सभागृहात एक उतरवतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबत असेल तर ते सामान्य आहे. हात लावल्यावर वाढत असेल किंवा माइकला ओठ लागून झिणझिणी येत असेल, तर मंडपाचं अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय वाजवू नका. पावसात तर नाहीच.

आता वाद्याबद्दलचं मत. लाकूडकाम नीट, फ्रेटच्या कडा बोटांना लागत नाहीत, ट्युनिंगच्या खुंट्या तासभर सूर धरतात. पिकअप बदलायचा विचार सोडून दिला. वजन जास्त आहे, तीन तासांच्या कार्यक्रमानंतर डावा खांदा बोलतो, रुंद पट्टा घेतल्यावर सुसह्य झालं. याच किमतीला पुन्हा हाच घेईन.

एक दोष राहिलाय आणि तो सेटअपने जात नाही. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या मधे स्वर लवकर विझतो. या घाटाच्या पुष्कळ बेसवर तो तिथेच असतो, नेकचं लाकूड त्या कंपनाची ताकद शोषून घेतं. हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाला) छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं तर जागा थोडी सरकते, नाहीशी होत नाही. माझ्या दुर्दैवाने सहावा फ्रेट म्हणजे नेमका काळी एकचा वरचा सा. तिथे स्वर धरायचा असेल तर मी आता डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर जातो. तोच सा, थोडा जाड, आणि काका मान हलवेपर्यंत टिकतो.