दाखवला एक कॅमेरा, पाठवला दुसरा

जुने मूव्ही कॅमेरे जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. इथे नागपुरात, इतवारीतल्या जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने विल्यमसन कॅमेऱ्याच्या नावाखाली मला पंचेचाळीस हजारांना गंडवलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला कॅमेरा याच कंपनीचा. त्यामुळे हे नाव घेतलं की आपल्याकडे भाव चढतो.

दुकानात दाखवलेला कॅमेरा अस्सल होता. उभी लाकडी पेटी, बाजूला हँडल, पितळी पट्टीवर कंपनीचं नाव. मी ३५ एमएम फिल्मचा टाकाऊ तुकडा सोबत नेला होता, तो आत भरून हँडल फिरवलं. मूकपटाच्या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला ८ फ्रेम सरकतात, म्हणजे ६ इंच फिल्म. सेकंदाला दोन फेरे मारले की १६ फ्रेम. इथेही बरोबर तेवढीच सरकली. गेटमधली, म्हणजे लेन्समागे फिल्म सरकते त्या चौकटीतली पिन दर फ्रेमला फिल्मच्या कडेच्या छिद्रात अलगद उतरत होती. ती टिकटिक ऐकून खरंच भरून आलं.

पैसे दिले आणि कॅमेरा उचलणार, तर तो म्हणाला, "भाऊ, लाकूड जुनं आहे, गाडीवर हादरे बसतीन. घाई काऊन करून राह्यले? पॅकिंग करून उद्या घरी पाठवतो."

घरी आली ती दुसरीच पेटी. बाहेरून हुबेहूब, पट्टीही तीच, पण कडेला ताजे ओरखडे आणि प्लसचे स्क्रू. असले स्क्रू बाजारात आले १९३० च्या दशकात! आत दातेरी चाकाच्या जागी नुसती लाकडी चकती, पिनचा पत्ता नाही. हँडल गरगर फिरतं, आत काही हलत नाही. विक्रेता म्हणतो, "तुम्ही पाह्यला तोच हाय हा."

दुकानात फिल्म फिरवतानाचा व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि त्यात आतल्या धातूवर ठोकलेला नंबर स्पष्ट दिसतो. तोच जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. तुम्हीही पट्टीवर विसंबू नका, ती दोन मिनिटांत निघते. आतल्या नंबरचा फोटो काढा, आणि पैसे दिले की वस्तू हातात घेऊनच दुकानाबाहेर पडा.

अस्सल कॅमेरा अजून त्याच्याचकडे असणार. पेटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, आणि मूळ पट्टी माझ्याकडे असल्यामुळे त्यावर एक तर पट्टी नसेल किंवा नवी कोरी असेल. असा कॅमेरा कुणी दाखवला तर एक रुपयाही देऊ नका, आधी मला कळवा.