मसाई मारा: तंबू गेटबाहेरचा की कॉन्झर्व्हन्सीतला?

केनियातल्या मसाई मारा रिझर्व्हला, म्हणजे तिथल्या अभयारण्याला, जायचं आणि तंबूतच राहायचं हे एकदा ठरलं, की तंबू कुठे असावा एवढंच ठरवायचं उरतं. सेकेनानी आणि तालेक गेटबाहेर कॅम्पची रांगच आहे. दुसरीकडे रिझर्व्हला लागून नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेली खासगी रानं, आहेत. तिथल्या जमिनी स्थानिक मसाई कुटुंबांच्या, भाड्याने दिलेल्या. दरमहा भाडं त्यांच्या हातात पडतं. मी दोन्हीकडे राहिलो आहे.

सोयींचं म्हणाल तर गेटबाहेरच्या कॅम्पना नावं ठेवायला जागा नाही. पक्का ओटा, तंबूच्या मागे बाथरूम, नळाला गरम पाणी, बऱ्याच ठिकाणी विजेचं कुंपण. भारतीय ग्रुपची त्यांना सवय असते, त्यामुळे शाकाहारी किंवा जैन जेवण आधी सांगितलं की मिळतं. चपाती तर केनियातही घरोघरी होते, मैद्याची आणि पदर सुटलेली. नैरोबीहून गाडी घेऊन निघालं की नारोकमार्गे थेट गेटपर्यंत, आणि पुढेही तोच ड्रायव्हर.

कॉन्झर्व्हन्सीत बहुधा कुंपण नसतं. अंधार पडला की तंबूपर्यंत सोडायला अस्कारी, म्हणजे पहारेकरी, येतो. आंघोळीचं पाणी तापवून कॅनव्हासच्या बादलीत ओततात, तेही आपण वेळ सांगितल्यावर. रात्री थंडी चांगलीच असते. जेवून परत यावं तर पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली. आई-वडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना हे सगळं जमेलच असं नाही.

मला खटकलं ते मात्र संध्याकाळचं गेट. रिझर्व्हचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. तिथे सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास मावळतो. म्हणजे दिवसभर झाडाखाली पसरलेला सिंहांचा कळप जेव्हा उठायला लागतो, नेमकं तेव्हाच निघायचं. आमच्यासमोर एक सिंहीण उठली, आळस दिला, आणि दूरच्या झेब्र्यांकडे एकटक बघत खाली दबली. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं आणि गाडी सुरू केली. त्याचा काही दोष नव्हता, नियमच तसा आहे. पण पाच वाजले की सगळ्यांचं लक्ष जनावरावरून गेटकडे जातं, आणि हे रोज होतं.

कॉन्झर्व्हन्सीत त्याच वेळी गाइड इंजिन बंद करून थांबतो. एका जनावरापाशी सहसा पाचच्या वर गाड्या नसतात, गवतात गाडी घालता येते, आणि अंधारात लाल दिव्याच्या उजेडात फिरता येतं. तरस, स्प्रिंगहेअर (उड्या मारत फिरणारा एक निशाचर कृंतक), शिकारीला निघालेला बिबट्या हे मी असंच पाहिलं.

पैशांचा फरक मोठा आहे, हे मान्यच. रिझर्व्हचं शुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलैपासून डिसेंबरपर्यंत २००. कॉन्झर्व्हन्सीचं शुल्क बहुतेकदा पॅकेजमध्येच धरलेलं असतं, पण ते पॅकेजच बरंच महाग पडतं. शिवाय विल्डबीस्ट (मोठ्या हरणासारखे प्राणी) कळपाने मारा नदी ओलांडतात ते मुख्य घाट रिझर्व्हमध्ये. जुलै ते ऑक्टोबरमध्ये केवळ त्यासाठीच जाणार असाल, तर कॉन्झर्व्हन्सीतून वेगळं तिकीट काढून दिवसभराची रपेट करावी लागेल. मग कदाचित गेटबाहेरचाच कॅम्प परवडेल.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पावसाचा विचार करावा. तिथली जमीन आपल्या काळ्या रानासारखीच. भिजली की चाक सोडत नाही. गवतात गाडी घालण्याचा कॉन्झर्व्हन्सीचा फायदा तेव्हा निम्मा होतो, आणि काही कॅम्प त्या दिवसांत बंदही असतात.

एरवी मला विचाराल, तर एक रात्र कमी करा, पण राहा कॉन्झर्व्हन्सीत. फक्त बुकिंगआधी दोन गोष्टी विचारून घ्या: कॅम्प खरोखर कॉन्झर्व्हन्सीच्या हद्दीत आहे ना, आणि रात्रीची फेरी दरात धरली आहे ना. नुसत्या ‘मारा’ नावावर जाऊ नका, गेटबाहेरच्या कॅम्पच्या नावातही ते असतंच.