खगोलशास्त्राचा पेपर घ्यायचाय? ‘स्कोरिंग’ विचारण्याआधी सत्र बघा

जूनमध्ये भाचीचा फोन आला. गोव्यात डिचोलीला राहते, म्हापशाला कॉलेज, मेजर कॉमर्स. “मावशी, निवडायच्या विषयांच्या यादीत खगोलशास्त्र आहे. विषम सत्रात नुसती थिअरी, सम सत्रात प्रॅक्टिकलसकट. मैत्रीण म्हणते, ऑनलाइन केलंस तरी क्रेडिट मिळतात. यातलं स्कोरिंग कुठलं?”

मी भौतिकशास्त्र शिकवते. या तिन्ही वाटा मी तुडवल्या आहेत. विद्यार्थिनी असताना थिअरी घोकली, शिकवायला लागल्यावर प्रॅक्टिकल घेतली, आणि मध्यंतरी हौसेने ऑनलाइनही करून पाहिलं. तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. तोच अर्धा तास इथे मांडते आहे, कारण दर जूनमध्ये कोणी ना कोणी हेच विचारतं.

आधी तासांचा हिशोब

यूजीसीच्या क्रेडिट पद्धतीत थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तीन क्रेडिटची निव्वळ थिअरी ४५ तासांत आटोपते. तेच तीन क्रेडिट दोन थिअरी, एक प्रॅक्टिकल असे असतील तर ६० तास. गुणपत्रिकेवर वजन तेवढंच, पण तुमचे १५ तास जास्त जातात. शिवाय जर्नल लिहायला जो वेळ जातो तो कोणीच मोजत नाही. मेजर विषयाचीच प्रॅक्टिकल डोक्यावर असतील तर हे १५ तास सोपे नाहीत. कॉमर्सवालीला ते परवडतात.

थिअरी: सगळी अंडी एका टोपलीत

निव्वळ थिअरीत थोडे गुण आयएसएचे (सत्र चालू असताना होणाऱ्या चाचण्यांचे) आणि बाकी सगळी भिस्त सेम-एंडच्या पेपरवर. त्या दिवशी ताप आला, बस चुकली, काहीही झालं तरी ग्रेड त्या दोन तासांतच ठरतो. ज्यांना शेवटच्या पंधरा दिवसांत झपाटून अभ्यास करायची सवय आहे, त्यांना हे बरं पडतं. मी त्यातलीच होते.

पोर्शन फार अवघड नसतो. केप्लरचे नियम, ताऱ्यांचे वर्ग, सूर्यमाला, थोडी दीर्घिकांची ओळख. माणसं अडतात ती एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे ताऱ्यांची प्रत, म्हणजे तारा किती ठळक दिसतो त्याचा आकडा. आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हेच आधी पचत नाही. व्याध उणे १.४६, म्हणजे ठळक. डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा अधिक ६. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर १०० पटींचा फरक. त्यापुढे गणित आलं की लॉगरिदम आलाच. म्हणून पेपर घेण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: सूत्रांचा कागद मिळतो का, आणि कॅल्क्युलेटर चालतो का. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर कुठल्याच परीक्षेत चालत नाही. माझ्या वर्गात एकीला हे हॉलमध्ये बसल्यावर कळलं. तिने शेजारच्या बाकावरून लॉग टेबल मागितलं, आणि पर्यवेक्षकांनी ते आधी पानन् पान उलटून तपासलं. तोवर दहा मिनिटं गेली.

आयएसएला गैरहजर राहिलात तर पुन्हा संधी कधी आणि कुठल्या कागदावर मिळते, हेही पहिल्याच आठवड्यात विचारा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीला लागून आयएसए आली की अर्धा वर्ग गावी असतो. मग माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचं, सामान आणणारी पोरं सोमवारी दारात उभी राहतात. डॉक्टरचं सर्टिफिकेट गणपतीच्या नावाचं कसं आणणार?

प्रॅक्टिकल: इथे पावसाळा आडवा येतो

मुंबई-पुण्याच्या पुस्तकी सल्ल्यात ही गोष्ट सापडणार नाही. गोव्यात विषम सत्र म्हणजे जून-जुलै ते ऑक्टोबर. त्यातले तीन-साडेतीन महिने आकाश नावाची वस्तूच नसते. सम सत्र म्हणजे डिसेंबर ते एप्रिल, तेव्हा मृग, कृत्तिका, व्याध सगळे डोक्यावर आणि रात्र कोरडी. अभ्यासक्रम तोच, क्रेडिट तेच, जर्नलचं कव्हरही तेच. पण आतला विषय वेगळा होतो.

गुरूच्या चंद्रांचं प्रॅक्टिकल घ्या. रोज संध्याकाळी लहान दुर्बिणीतून गुरू बघायचा, बाजूचे चार ठिपके कागदावर मांडायचे, आणि कोण किती दिवसांत फेरी मारतो ते काढायचं. आयोची फेरी पावणेदोन दिवसांची, युरोपाची साडेतीन, गॅनिमीडची सात, आणि कॅलिस्टोची जवळजवळ १७ दिवसांची. म्हणजे कॅलिस्टोची एक फेरी पकडायला अडीच आठवडे आकाश उघडं हवं. गुरू रात्री वर असेल अशा हिवाळ्यात ते जमतं. जुलैत करून दाखवा.

म्हणून विषम सत्रात हेच प्रॅक्टिकल संगणकावर आकाश दाखवणाऱ्या स्टेलॅरियमवर होतं. सॉफ्टवेअर फुकट आहे, उत्तम आहे, आणि त्यात ढग येत नाहीत. जोडीला सोडियमचा दिवा आणि ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची पट्टी): पिवळी जोडरेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. दीर्घिकांच्या छापील वर्णपटांवरून ताम्रसृती, म्हणजे रेषा लाल रंगाकडे किती सरकल्या ते, मोजायची. ही सगळी चांगली प्रॅक्टिकल आहेत, पण एक गोम आहे. उत्तर आधीच माहीत असतं. त्यामुळे जर्नल साफ येतं, व्हायवात प्रश्न ठरलेले असतात आणि गुण भरभर पडतात. भाचीच्या शब्दात सांगायचं तर पावसाळी प्रॅक्टिकल जास्त ‘स्कोरिंग’.

आकाशाखालचं प्रॅक्टिकल तसं नसतं. एकदा जानेवारीत मुलांकडून ध्रुवताऱ्यावरून अक्षांश काढून घेतला. साहित्य साधं: कोनमापक, शीतपेयाची नळी, दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला एक नट. नळीतून तारा बघायचा, दोरा कुठल्या अंशावर पडतो ते जोडीदाराने वाचायचं. पणजीचा अक्षांश साधारण १५.५ अंश, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम दीड मूठ. मूठ म्हणजे हात ताणून धरलेली मूठ, ती सुमारे १० अंशांची. इतका खाली की उत्तरेला माड असले तर संपलंच. आम्ही कॉलेजच्या गच्चीवर टाकीला वळसा घालून जागा शोधली. वारा होता, नट डोलत होता.

एका गटाने पाच वेळा मोजलं: १५.८, १६.४, १७.२, १७.५, १८.१. सरासरी १७. एका अंशाला जमिनीवर १११ किलोमीटर, म्हणजे मुलं दीडशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला सरकून रत्नागिरीला पोहोचली. गच्चीवर हशा पिकला. दुसऱ्या गटाचे पाचही आकडे १५.५. गूगलवर पणजीचे अक्षांश बघितले होते हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. मी रत्नागिरीवाल्यांना दहापैकी आठ दिले आणि १५.५वाल्यांना चार. पहिल्यांनी वाऱ्याची नोंद केली होती, पाच मापांतला फरक लिहिला होता, आणि ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नसून अर्ध्या अंशाहून थोडा बाजूला असतो हेही व्हायवात सांगितलं.

पण सगळे शिक्षक असे गुण देत नाहीत, आणि तुमची ग्रेड त्यावरच ठरते. काही ठिकाणी ‘बरोबर उत्तर’ हाच निकष असतो. मग मुलं आकडे फिरवायला शिकतात. प्रॅक्टिकलवाला पेपर घ्यायचा असेल तर मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल मागून बघा. लाल पेनाने त्रुटीच्या परिच्छेदावर काही लिहिलेलं दिसलं तर बिनधास्त नाव नोंदवा. नुसती टिकमार्क आणि सही दिसली तर थिअरीच बरी.

दुसरा प्रश्न ढगांचा. सम सत्रातही एखादी रात्र वाया जाते. ते प्रॅक्टिकल पुन्हा घेतात, गुण बाकीच्यांच्या सरासरीने देतात, की शून्य? हा नियम लेखी असेल तर उत्तम. बऱ्याचदा तो सरांच्या डोक्यातच असतो.

आणि तिसरी, सगळ्यात कंटाळवाणी अडचण, परतीच्या बसची. दुर्बिणीचं प्रॅक्टिकल सात-साडेसातला सुरू होतं. पणजीत राहणाऱ्याला काही नाही, पण साखळी-वाळपईकडच्या मुलींची घालमेल आठला सुरू होते. मी चारजणींना माझ्या गाडीत घालून नेलेलं आहे. दर वेळी ते जमत नाही. शिवाय पणजीच्या आकाशात मांडवीतल्या कॅसिनोंचा उजेड. उलट, वाळपईच्या अंगणातून तुम्हाला शहरातल्या गच्चीपेक्षा जास्त तारे दिसतात. घरून करता येईल अशी निरीक्षणं जर्नलला धरतात का, हे विचारायला हरकत नाही. मी धरते.

ऑनलाइन: नियम कडक, पण लपवलेले नाहीत

स्वयम्-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सचा हिशोब आधीपासून उघडा असतो, ही त्याची जमेची बाजू. १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ असाइनमेंट, त्यातल्या उत्तम आठ धरतात आणि त्यांना २५ गुण. उरलेले ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे, तिची फी १००० रुपये. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असं दोन्हीकडे स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. घरबसल्या असाइनमेंटला २४ मिळवले आणि परीक्षेत शंभरपैकी ३९, तर ते ७५ पैकी २९.२५ होतात. बेरीज ५३ च्या वर, पण प्रमाणपत्र नाही.

आठच धरतात म्हणून एक-दोन आठवडे चुकले तरी चालतं, आणि मला त्याचा फायदा झाला. बुधवारी रात्री ११.५९ ला खिडकी बंद होते. एकदा पावसात वीज गेली ती साडेदहाला, आली एकला. कॉलेजात असं झालं असतं तर विनवण्या कराव्या लागल्या असत्या.

पण प्रॅक्टिकल नाही. आकाश दिसणार ते पडद्यावर. आणि क्रेडिट तुमच्या कॉलेजात जमा होतील का, कुठल्या पेपरच्या जागी होतील, हे नोंदणीआधी लेखी घ्या. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून घेऊ देता येतात. ‘देता येतात’ आणि ‘देतात’ यांत मध्ये एक ऑफिस असतं.

ग्रेडचा एक बारकावा

आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत ग्रेड निरपेक्ष असतात. ठरलेली टक्केवारी गाठली की ती अक्षरं मिळाली, शेजारी कोण बसलंय याला अर्थ नाही. झुआरीनगरला बिट्‌स पिलानीच्या कॅम्पसमध्ये मात्र सापेक्ष ग्रेडिंग आहे. तिथे ७० गुण चांगले की वाईट हे वर्गावर ठरतं. चुलतभाऊ तिथे ‘अमुक गुणांना अमुक ग्रेड’ म्हणाला तर त्याचा आकडा स्वतःला लावू नका.

मग भाचीने काय घेतलं?

मी तिला सम सत्रातलं प्रॅक्टिकलवालं सुचवलं, एका अटीवर: परतीचं आधी ठरव. तेच प्रॅक्टिकल विषम सत्रात असतं तर मी थिअरी घे म्हटलं असतं आणि आकाशासाठी डिसेंबरात माझ्याकडे ये म्हटलं असतं. ऑनलाइन मी त्यांना सुचवते ज्यांचं कॉलेज हा विषयच देत नाही, किंवा जे नोकरी सांभाळून शिकतात.

तिने दोन दिवसांनी उलट विचारलं, “मावशी, शून्य सावलीचा दिवस जर्नलला धरतात का?” त्या दिवशी दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. गोव्यात तो दोनदा येतो, मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. मेमध्ये कॉलेजला सुट्टी, ऑगस्टमध्ये आभाळ. मी म्हटलं, मेमध्ये डिचोलीच्या अंगणात काठी रोव, फोटो काढ, वेळ लिही. सर नाही म्हणाले तर मी गुण देते.