अस्सल कागदावरची नकली सही

थॉमस एडिसनची सही असलेलं पत्र तुम्हाला कुणी बाजारभावापेक्षा जरासं स्वस्त देऊ केलं आणि वर ‘कागद खुशाल तपासून घ्या’ असंही म्हणालं, तर पैसे पाठवायची घाई करू नका. मला नेमकं हेच सांगण्यात आलं होतं. मी कागद तपासला. कागद शंभर टक्के अस्सल निघाला. तरीही माझे १,४०० डॉलर बुडाले, कारण खोटं होतं ते कागदावर नंतर उमटवलेलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन माणसांची पत्रं जमवायचा नाद मला विल्यम जेनिंग्ज ब्रायनने लावला. १८९६, १९०० आणि १९०८ अशी तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेला हा गृहस्थ पुढे राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाला. जगप्रवासात तो हिंदुस्थानातही येऊन गेला आणि १९०६ साली इंग्रजी राजवटीचे त्याने चांगलेच वाभाडे काढले. इकडे टिळक ‘केसरी’त लिहीत होते, त्याच दिवसांत एक अमेरिकन पुढारी असं लिहितो म्हटल्यावर मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटणारच. शिवाय ब्रायनने आयुष्यभर भाषणं दिली आणि पत्रं लिहिली, त्यामुळे त्याचे कागद नोकरदार माणसालाही परवडतात.

तो विक्रेता मला ब्रायनमुळेच भेटला. एका ऑनलाइन लिलावात त्याच्याकडून ब्रायनचं एक पत्र घेतलं. ‘द कॉमनर’ हे ब्रायनचं साप्ताहिक नेब्रास्कातल्या लिंकनहून निघायचं, त्याच्या लेटरहेडवरचं. पत्र खरं होतं, आजही माझ्याकडे आहे. पुढे समाजसेविका जेन ॲडम्सची दोन ओळींची एक चिठ्ठी घेतली, शिकागोच्या हल हाउस या तिच्या समाजसेवा केंद्रातली. तीही खरी. नवा गवळी पहिले काही दिवस बिनपाण्याचं दूध घालतो, हे तेव्हा डोक्यात यायला काही कारणच नव्हतं.

पार्सल पाठवायचं म्हणून माझा पत्ता त्याच्याकडे गेला. मी न्यू जर्सीत एडिसन नावाच्या गावात राहतो. मेन्लो पार्कची ती प्रसिद्ध प्रयोगशाळा १८७६ साली याच हद्दीत उभी राहिली होती, म्हणून १९५४ मध्ये गावाने एडिसनचं नाव घेतलं. मराठी माणसं इथे पुष्कळ. भारतातून पाहुणे आले की टोकावर भलाथोरला विजेचा दिवा असलेला स्मारक-मनोरा दाखवायला आम्ही त्यांना हमखास नेतो. त्यामुळे काही दिवसांनी ‘तुमच्याच गावच्या माणसाचं पत्र हाती आलंय, लिलावात टाकण्याआधी तुम्हाला विचारतो’ अशी मेल आली, तेव्हा सावज हेरूनच गळ टाकला होता, हे आता कळतं.

गोष्टही त्याने अभ्यास करून रचली होती. ९ डिसेंबर १९१४ च्या रात्री वेस्ट ऑरेंजमधल्या एडिसनच्या कारखान्याला भयंकर आग लागली, फोनोग्राफचे कारखाने जळाले, प्रयोगशाळा तेवढी वाचली. हा इतिहास खराच आहे. पत्र त्याच महिन्याच्या अखेरचं. माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने सहानुभूती कळवली होती, त्याचे चार ओळींत आभार आणि खाली एडिसनची ती छत्रीवाली सही. एडिसन आपल्या नावातल्या ‘टी’ची आडवी रेघ इतकी लांब ओढायचा की अख्खं नाव तिच्याखाली उभं असल्यासारखं दिसतं. त्या व्यापाऱ्याच्या नातवाच्या कपाटातून पत्र निघालं, असं हा सांगत होता. नातवाचं नाव मात्र ‘कुटुंबाच्या विनंतीवरून’ गुप्त.

व्यवहार लिलावाच्या बाहेर करू, कमिशन वाचेल, तेवढी किंमत उतरवतो, असं तो म्हणाला. पैसे कसे पाठवायचे तर नातेवाइकांना किंवा मित्रांना पाठवतो तसे, म्हणजे खरेदीला मिळणारं संरक्षण आपोआप गळून पडतं. पत्रासोबत सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी, म्हणजे अस्सलपणाचा दाखला, आलं: जाड आयव्हरी कागद, सोनेरी शिक्का, कोपऱ्यात होलोग्राम. सर्टिफिकेट देणाऱ्या ‘संस्थे’चा पत्ता पार्सलवरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी जुळत होता. विकणाऱ्यानेच छापलेल्या अशा प्रशस्तिपत्राला काडीची किंमत नसते.

आता कागद. अतिनील दिव्याखाली तो मंद, मळकट दिसला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची चमकणारी रसायनं १९५० च्या सुमारास वापरात आली. नंतरचा कागद असा दिव्याखाली निळसर पांढरा उजळतो. हा उजळला नाही. टाइपही खरा होता: पूर्णविरामांनी कागदाला मागून टोचे पाडले होते आणि भिंगातून अक्षरांत कापडी रिबिनीची वीण दिसत होती. लेटरहेडवर ‘फ्रॉम द लॅबोरेटरी ऑफ थॉमस ए. एडिसन, ऑरेंज, न्यू जर्सी’. तेही त्या काळचंच.

सगळं पास झालं, आणि याच भरवशावर हे लोक धंदा करतात. एडिसनकडे पत्रांचा ढीग यायचा. आलेल्या पत्राच्या समासात तो पेन्सिलीने दोन-चार शब्द खरडायचा आणि त्यावरून त्याचा सहायक विल्यम मेडोक्रॉफ्ट उत्तर टाइप करून बऱ्याचदा स्वतःच्याच सहीने धाडायचा. म्हणजे प्रयोगशाळेच्या खऱ्या लेटरहेडवर, खऱ्या टाइपरायटरवर उतरलेली, पण एडिसनची सही नसलेली पत्रं बाजारात फिरत असतात. एडिसनच्या सहीच्या पत्रापुढे ती किमतीत पासंगालाही पुरत नाहीत. असं एखादं घ्यायचं, खालची सही खरवडायची, तिथे दुसरी करायची, झालं काम. माझ्या पत्राच्या मजकुरात ‘आम्ही’ होतं, ‘मी’ एकदाही नव्हतं. चार ओळींचाच मजकूर, पण सहायकाने मालकाच्या वतीने लिहिलेला कागद असाच असतो.

बिंग फुटलं ते घड्या सपाट करायच्या निमित्ताने. ओळखीच्या एक बाई जुने कागद जतन करायचं काम करतात. त्यांच्याकडे पत्र नेलं. त्यांनी ते आडवं न ठेवता आधी खिडकीच्या काचेला लावलं. उजेड मागून आला आणि सहीच्या मागे करंगळीएवढा लांबट पट्टा बाकी कागदापेक्षा फिका, जवळजवळ पारदर्शक दिसला. तिथले तंतू खरवडल्याने विरळ झाले होते. मग त्यांनी भिंग दिलं. ‘टी’ची ती लांब रेघ खालच्या घडीवरून पलीकडे जात होती आणि घडीवर नेमकी शाई दोन्ही बाजूंनी बारीक केसांसारखी पसरली होती. पत्र आधी सही करून मग घडी घातली असेल तर वाळलेली शाई घडीवर तडकते, झिजते. घडी जुनी असेल आणि सही नंतरची, तर ओली शाई तुटलेल्या तंतूंत शिरते. माझ्या पत्रावर ती शिरली होती. “ही सही घडीपेक्षा तरुण आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी मला पानाच्या कडाही दाखवल्या. तीन कडा वयाने तपकिरी, मऊ पडलेल्या. खालची सरळ, कडक, ताजी कापलेली. ‘असिस्टंट टू मिस्टर एडिसन’ असं जिथे टाइप केलेलं असतं, ती पट्टीच नव्हती.

सही उतरवली कुठून, हेही पुढे कळलं. एडिसनच्या कंपनीने त्याची सही ट्रेडमार्क म्हणून वापरली होती आणि फोनोग्राफवर ती दिमाखात मिरवायची. आमच्या एका स्नेह्यांकडे असं जुनं यंत्र आहे. त्याच्या सहीचा फोटो काढून पत्रावरच्या सहीच्या मापाला आणला, पारदर्शक कागदावर छापला आणि पत्रावर ठेवला. अक्षर न् अक्षर बसलं. ‘एम’च्या शेवटच्या पायाचा बाक, ‘डी’च्या पोटातली फट, सगळं. माणूस एकच सही दोनदा तंतोतंत करूच शकत नाही. तरुणपणी तारमास्तर असलेल्या एडिसनचं अक्षर सुटं आणि भरभर चालणारं होतं, तर इथे रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी, गिरवलेली. खाली उजेड ठेवून गिरवणाऱ्याला वेग आणता येत नाही.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. बराच काळ उत्तर नाही. मग एक ‘स्वतंत्र तज्ज्ञ’ पुढे आला, २०० डॉलर फी घेऊन मत देणारा. त्याच्या मेलमध्ये आणि विक्रेत्याच्या जुन्या मेलमध्ये ‘प्रॉव्हेनन्स’ (वस्तू कुणाकुणाच्या हातून आली तो इतिहास) या शब्दाचं स्पेलिंग एकाच जागी, एकाच पद्धतीने चुकलेलं होतं. फी दिली नाही. त्यानंतर बदली देऊ केली: राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टचं पत्र घ्या, वर ३०० डॉलर द्या, एडिसन परत करा. चोर तो चोर, वर शिरजोर! ती नाकारल्यावर त्याचा मेल पत्ता बंद पडला, लिलावातलं खातंही नाहीसं झालं. बँकेने हात वर केले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत म्हणून. तक्रार नोंदवली आहे, संदर्भ क्रमांक मिळाला आहे, पैसे मिळालेले नाहीत.

या धंद्यात नवं काही नाही. १९३० च्या दशकात जोसेफ कोसी नावाचा माणूस लिंकन, फ्रँकलिन, लेखक एडगर ॲलन पो यांची हस्ताक्षरं बेमालूम लिहायचा. आता त्याने केलेल्या नकलाच लोक ‘कोसी’ म्हणून जमवतात. न्यूयॉर्कची लेखिका ली इझ्रएल हिने तर १९९० च्या सुमारास जुने टाइपरायटर जमवून, वाचनालयातल्या जुन्या अंकांची कोरी पानं काढून लेखिका डोरोथी पार्करसारख्यांच्या नावावर चारशेच्या आसपास पत्रं बनवून विकली. १९९३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. तिची काही पत्रं अनुभवी व्यापाऱ्यांच्या हातून गेली होती, त्यामुळे ‘इतकी वर्षं याच धंद्यात आहे’ हे वाक्य मी आता ऐकल्यासारखं करतो आणि सोडून देतो.

ज्यांना हा नाद आहे त्यांच्यासाठी आणखी थोडं. अंध लेखिका हेलन केलर बहुतेक वेळा पेन्सिलीने, पट्टीच्या आधाराने, चौकोनी सुट्या अक्षरांत सही करायची. तिच्या नावाखाली शाईतली झोकदार वळणदार सही दिसली तर प्रश्न विचारा. पंचम जॉर्जने १९१८ मध्ये अमेरिकन सैनिकांना लिहिलेलं स्वागताचं हस्तलिखित पत्र कुणी ‘आजोबांना राजाने लिहिलं’ म्हणून दाखवतं. ते त्याच्या हस्ताक्षराची छापील प्रत आहे, युद्धावर आलेल्या सैनिकांना ते वाटलं होतं. राष्ट्राध्यक्षाच्या नावाचे जमिनीचे पट्टे आणखी फसवे. १८३३ पासून त्यांवर राष्ट्राध्यक्षाचं नाव कारकून घालत आले, त्यामुळे रूझवेल्टच्या किंवा टाफ्टच्या नावाचा पट्टा खरा असूनही सही त्यांची नसते. विकणारा इथे खोटं बोलत असतो असंही नाही, पण किंमत सहीची लावतो.

रूझवेल्टचं खरं-खोटं पाहायला एक सोय आहे, ती वापरा. त्याचे कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, पाठवलेल्या पत्रांच्या प्रतींसकट, आणि ते ऑनलाइन पाहता येतात. तुम्हाला दाखवलेल्या पत्राची तारीख आणि पत्र ज्याला लिहिलं त्याचं नाव तिथे लावून बघा. त्याच पत्राचं मूळ दुसऱ्या एखाद्या संग्रहालयात आधीच पडून असेल, तर हातातलं काय आहे हे विचारायलाच नको. एडिसनसाठी रटगर्स विद्यापीठाच्या एडिसन पेपर्स प्रकल्पाने कागदांचा मोठा साठा खुला ठेवलाय. त्याच्या पेन्सिलीतल्या टिपा तिथे मनसोक्त पाहून घ्या, डोळा तयार होतो.

मला बदलीत देऊ केलेलं रूझवेल्टचं पत्र सध्या दुसऱ्या नावाखाली विक्रीला आलंय. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर तो ‘द आउटलुक’ या साप्ताहिकात लिहायचा, त्याच्या लेटरहेडवरचं. वरच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीचे गंजलेले दोन डाग आहेत, ते मला पाठवलेल्या फोटोतल्या डागांशी जुळतात. फरक एवढाच की आता ते काचेच्या फ्रेममध्ये आहे. एका मित्राला सांगून मी मागून उजेड सोडलेला फोटो, घडीवरच्या सहीचा जवळून काढलेला फोटो आणि चारही कडा मागवल्या. उत्तर आलं: फ्रेम त्याच काळातली आहे, उघडली तर किंमत कमी होईल.