इस्राएल म्युझियम, जेरुसलेम: मूर्तिपूजा पाहायची असेल तर अरादच्या गाभाऱ्यापासून सुरुवात करा

पुरातत्त्व विभागात शिरलेला बायबलचा वाचक आधी सोन्याचे वासरू शोधतो. ते मिळणार नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायाप्रमाणे मोशेने ते जाळले, कुटून भुकटी केली, पाण्यात टाकून लोकांना पाजले आणि त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसे मारली गेली. त्याऐवजी शोमरोनच्या (समारियाच्या) डोंगराळ भागात सापडलेला काशाचा बैल जरूर पाहा. इ.स.पू. १२व्या शतकातला, जेमतेम १८ सेंमी लांब. पुढे इस्राएलचा राजा यराबाम याने बेथेल आणि दान इथे वासरे बसवली, तेव्हा लोकांना ती परकी का वाटली नाहीत, हे हा बैल पाहिल्यावर उमगते.

विभागाचा खरा ऐवज म्हणजे तेल अरादचा गाभारा. यहूदा राज्याच्या दक्षिण सीमेवरच्या किल्ल्यात इ.स.पू. ८व्या शतकात हे छोटे मंदिर होते आणि तिथे उपासना परमेश्वराचीच चालत असे. आत उभा दगडी स्तंभ, दाराशी चुनखडीच्या दोन धूपवेदी. बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात असा स्तंभ उभारायला स्पष्ट मनाई आहे. संदेष्टे ज्यावर तुटून पडत ते दरवेळी परक्या देवाचे देऊळ नव्हते. कित्येकदा ते आपल्याच देवाच्या घरातले होते. हे इतक्या थेटपणे दाखवणारे दुसरे दालन सापडणे कठीण.

बहुतेक लोक इथे उभ्या-उभ्या फोटो काढून पुढे सरकतात आणि मुख्य गोष्ट हुकते. वेदी जेमतेम ५२ आणि ४० सेंमी उंच आहेत. गुडघ्यावर बसा आणि माथ्यावरचा काळपट थर पाहा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मोठ्या वेदीवर ऊद आणि जनावराची चरबी, तर लहान वेदीवर गांजा आणि शेण निघाले. चरबीने ऊद चांगला जळतो, शेणामुळे गांजा मंद आचेवर धुमसतो. निर्गमच्या ३०व्या अध्यायातल्या धूपाच्या कृतीत ऊद आहे, गांजा नाही. परमेश्वराने न सांगितलेला अग्नी नेल्याबद्दल याजक अहरोनाचे मुलगे नादाब आणि अबीहू जागीच मेले, ही लेवीय या पुस्तकातली हकीकत त्या थराकडे बघत वाचली की अंगावर काटा येतो.

वेदी उत्खननात आडव्या निजवून पुरलेल्या सापडल्या. अनेक अभ्यासक त्याचा संबंध यहूदाचा राजा हिज्कीया याने केलेल्या उपासनेतल्या सुधारणांशी जोडतात, काही जोडत नाहीत. तोडून फेकलेल्या मात्र नाहीत, हे नक्की.

मग मातीच्या स्त्रीमूर्ती. हातभर लांबून सगळ्या सारख्या दिसतात, म्हणून मानेपाशी पाहा. खांबासारखे धड हाताने वळलेले, डोके बरेचदा साच्यातले आणि खुंटीने धडात बसवलेले. साहजिकच तुटतात त्या मानेत. त्यामुळे प्रत्येक तुटकी मूर्ती मूर्तिपूजा मोडून काढणाऱ्या योशीया राजाने फोडली असे समजू नका. या घराघरांत असत. अशेरा या देवीशी त्यांचा संबंध लावतात, पण त्यावर एकमत नाही.

तानाख या प्राचीन नगरातले चार मजली मातीचे धूपपीठ खालून वर पाहा. तळाशी दोन सिंहांना धरलेली स्त्री, वर पंखधारी प्राणी आणि त्यांच्यामध्ये रिकामी जागा, मग झाड, शेवटी सूर्यचक्राखाली चतुष्पाद.

मूर्तिपूजेच्या शिक्षेची बाजू म्युझियम उलगडून सांगत नाही, ती आपणच सोबत न्यावी लागते. शोमरोनच्या पाडावाचे (इ.स.पू. ७२२) कारण बायबलच्या २ राजे या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात आहे, तर यरुशलेमच्या (जेरुसलेमच्या) नाशाचा (इ.स.पू. ५८६) दोष मनश्शे राजावर टाकणारा २१वा अध्याय. हे दोन आणि सुधारणांचा २३वा आदल्या रात्री वाचा. फलक हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठी बायबल बरोबर ठेवले तर नावे जुळवताना अडत नाही.

एवढ्यासाठी दोन तास धरा. मंगळवार आणि शुक्रवारच्या वेळा वेगळ्या असतात, निघण्याआधी खात्री करा. अरादची होमवेदी, म्हणजे बळी जाळण्याची वेदी, मात्र इथे नाही. न घडलेल्या दगडांची, सुमारे अडीच मीटर चौरस अशी ती इस्राएलच्या दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटात मूळ जागीच आहे. तिथे धूपवेदींच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. म्हणून आधी म्युझियम, नंतर अराद. वेळ उरलाच तर याच म्युझियममध्ये कोचीच्या सिनेगॉगचा (ज्यूंच्या प्रार्थनागृहाचा) कोरीव लाकडी अंतर्भाग उभारला आहे, तोही पाहून घ्या.